मोटार आधीच वर काढली!

घरातली एखादी वस्तू बिघडली की माणसाचा स्वभाव उघडा पडतो, असे मला आता खात्रीने वाटू लागले आहे. कुणी त्या वस्तूला चापटी मारतो, कुणी दुकानदाराला शिव्या घालतो, तर कुणी देव पाण्यात घालून बसतो. मी काय केले ते वाचून वाचकांनी हसावे; पण जरा जपून हसावे. कारण थोड्याफार फरकाने आपण सगळेच तसे वागत असतो.

आमचे गाव निरवांगी. इंदापूर तालुक्यातले, नीरा नदीच्या काठचे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका लागतो. ऊस पिकवणे, डेअरीला दूध घालणे आणि लाईटची वाट पाहणे हे आमच्याकडचे तीन प्रमुख उद्योग. अशा गावात राहून मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला संगणक कशाला हवा, असा प्रश्न घरी निघालाच. माझे उत्तर तयार होते. आजीच्या ओव्यांसाठी!

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्या दोघांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे वर्गात ऐकले तेव्हा मला आजी आठवली. लाख नव्हे, पण तिच्याजवळ शे-दीडशे तरी असतील. मोबाईल तोंडासमोर धरला की तिचा आवाज बसे. म्हणून तिने सांगायच्या आणि मी टंकायच्या, असे ठरले.

नवा संगणक परवडणारा नव्हता. मग पुण्याला बुधवार पेठेतल्या गल्ल्या पालथ्या घालून सुटे भाग आणले. मदरबोर्ड आणि प्रोसेसर जुने, मेमरीच्या दोन पट्ट्या, हार्ड डिस्क, पडदा. कॅबिनेटमध्ये वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, आधीच बसवलेला होता. तो जणू फुकटच मिळाला. आण्णांनी दुधाच्या दोन पगारांचे पैसे दिले. धाकट्या भावाने जत्रेतल्या कुस्तीत मिळालेले सातशे रुपये दिले, ते मात्र मी मागितले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून तो जुळवला. पडद्यावर पहिली अक्षरे उमटली तेव्हा भावाने शिट्टी मारली, आणि आजीने संगणकाला हळदकुंकू वाहिले.

पंधरा दिवस सुखाचे गेले. मग एका संध्याकाळी ओवी अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला आणि संगणक आपला आपणच पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी निळा पडदा, त्यावर इंग्रजीत काही क्षमायाचना. पुढे तर तो कधी दिवसभर शहाण्यासारखा चाले, कधी दहा मिनिटांतच मान टाकी. धड बिघडलेली वस्तू परवडली, पण मधूनच बरी होणारी नको!

पहिला संशय भावावर. तो माझ्यामागे गेम खेळत असणार आणि त्याने काहीतरी घुसवले असणार! तो नाही म्हणाला. मी म्हटले, "मग आपोआप होतं का?" आणि संगणकाला परवलीचा शब्द लावून टाकला. त्यानंतर तो माझ्या खोलीत आलाच नाही.

दुसरा संशय लाईटवर. ह्याला गावात कुणाचाच विरोध नव्हता. घरातल्या सॉकेटला २३० व्होल्ट यायला हवेत, पण शेतीची थ्री-फेज आली आणि शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्या डीपीवर काटा १८० च्याही खाली उतरतो. मी फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून संगणकाला लावला. आईने दोन दिवस अबोला धरला. बंद पडणे कमी झाले, पण थांबले नाही. भर दुपारी, दिवे लख्ख असतानाही तो दगा देऊ लागला.

तिसरा संशय मेमरीवर. पट्ट्यांची टोके खोडरबरने पुसली. एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली. मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला; सकाळी एकही चूक नाही. मग उष्णतेवर संशय. पंखा साफ केला, प्रोसेसरवरचा लेप बदलला. तापमान अगदी व्यवस्थित, दुखणे जिथल्या तिथे.

आणि मग मी ती गोष्ट केली, जी लिहिताना आजही माझा हात अडखळतो. एकदा तो बंद पडला तो ओव्यांची फाईल उघडी असताना. पुन्हा सुरू झाल्यावर फाईल उघडेना. एकतीस ओव्या होत्या तीत. कुणीतरी सांगितले, अशी फाईल कधीकधी दुरुस्त करता येते, घाई करू नकोस. पण मी रागाने आंधळी झाले होते. सगळा दोष विंडोजचाच आहे असे ठरवून मी हार्ड डिस्क पुसली आणि सारे नव्याने भरले. दुरुस्त होण्याजोगे जे काही होते, ते माझ्याच हाताने गेले. नवे विंडोज भरल्यावर दुसऱ्याच दिवशी संगणक पुन्हा बंद पडला!

मी ओसरीवर येऊन रडत बसले. आण्णा रात्रीच्या पाळीचे पाणी धरून नुकतेच आले होते. त्यांनी काय काय केले ते सगळे विचारले. मी क्रमाने सांगितले. ऐकून ते म्हणाले,

"पोरी, हिरीवरची मोटार बंद पडली तर आपुन काय करतो? आदी लाईट हाय का बघतो. मग फ्यूज. मग स्टार्टर. मग वायर. ह्यातलं काईच न्हाई घावलं, तर मग दहा माणसं लावून मोटार वर काढायची. तू तर आदीच मोटार वर काढलीस!"

मी रडायची थांबले. मी शेवटापासून सुरुवात केली होती. भाऊ, मेमरी, विंडोज, सगळ्यांची झडती घेतली; पण सॉकेटमधून निघालेली वीज ज्या डब्यातून आत जाते, तो डबा मी एकदाही तपासला नव्हता. तो कॅबिनेटबरोबर आला होता ना! फुकटच्या वस्तूकडे कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी आम्ही वही घातली. किती वाजता बंद पडला, तेव्हा काय चालू होते, सॉकेटला किती व्होल्ट होते, एवढेच लिहायचे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार दिवसांत वही बोलू लागली. नुसते टंकताना तो क्वचित बंद पडे. एखादे जड काम दिले की हटकून पडे. म्हणजे ओढ वाढली की कुठेतरी बळ कमी पडत होते. आण्णांचा मल्टीमीटर घेऊन डब्यातून आलेली पिवळी आणि काळी तार तपासली. तिथे १२ व्होल्ट हवेत. पाच टक्के कमीजास्त चालतात, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. काम जड होताच काटा ११.१ वर आला.

आण्णांनी संगणक बंद केला, वायर काढली आणि डब्याच्या जाळीतून आत बॅटरीचा उजेड पाडला. "हे बघ. कंडेन्सर फुगलाय."

टू-फेजवर मोटार चालवायला आमच्याकडे कंडेन्सर लावतात. असे फुगलेले कंडेन्सर आण्णांनी आयुष्यात कितीतरी फेकले आहेत. डब्यातला कंडेन्सर आकाराने बोटभर, पण डोके तसेच वर आलेले. डबा उघडायला मात्र त्यांनी साफ मनाई केली. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये झटका देण्याइतकी वीज उरू शकते.

मग सगळा उलगडा झाला. बाहेरची वीज क्षणभर खाली गेली तर साठवलेल्या विजेवर डब्याने काही मिलिसेकंद तग धरायचा असतो. आतले कंडेन्सर म्हातारे झाले की तो तग सुटतो. ओढ वाढली की बाहेरची वीज चांगली असली तरी डबा वाकतो. मग मदरबोर्ड आपण होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणजे दोष दोन होते. बाहेरची लाईट अशक्त आणि आतला डबा अशक्त. स्टॅबिलायझरने अर्धे दुखणे बरे केले, म्हणून मी उरलेल्या अर्ध्यासाठी भलत्याच माणसाला धरले. दोष कोणत्या दुकानाचा हे सांगत नाही, कारण जुनी वस्तू जुनी म्हणूनच विकली होती. न पाहता घेणारी मीच.

नवा डबा बसवला. वहीत त्यानंतर एकवीस दिवस फक्त तारखा आहेत.

नंतर वाचनात आले की १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिॲक ह्या अवाढव्य संगणकात सतरा हजारांहून अधिक निर्वात नळ्या होत्या आणि त्या सारख्या जळत. बहुतेक नळ्या यंत्र सुरू किंवा बंद करतानाच जातात, हे तिथल्या लोकांच्या ध्यानात आले आणि त्यांनी यंत्र बंद करणेच शक्यतो टाळले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी टिफ्रॅक हा संगणक स्वतः जुळवून १९६० साली चालू केला, त्यातही अशाच नळ्या होत्या. ह्या थोर मंडळींच्या पंगतीत माझे ताट मांडायचे नाही. पण यंत्र जुळवणे हे अर्धे काम आणि ते नीट चालते ठेवणे हे उरलेले अर्धे, एवढे मला त्यातून कळले. उरलेल्या अर्ध्याला हुशारीपेक्षा धीर जास्त लागतो.

राहता राहिल्या दोन गोष्टी.

भावाला मी "चुकलं माझं" म्हटले. तो म्हणाला, "मला माहीतच होतं." एवढेच. परवलीचा शब्द मी काढून टाकला, तरी आठवडाभर तो संगणकापाशी फिरकला नाही. मग एके दिवशी आपणहून आला आणि म्हणाला, "आजीला ओव्या आठवत न्हाईत म्हणतीस, पण तिचं जातं कुठंय?"

जाते गोठ्यामागे पालथे पडले होते. त्याने एकट्याने उचलून ओसरीवर आणले, धुतले, खुंटा ठोकला. आजी समोर बसली. एरवी आठव आठव म्हटले तरी न आठवणारी बाई, हाताला खुंटा लागताच गाऊ लागली. दोन दिवसांत अडतीस ओव्या झाल्या. पण त्या एकतीसमधल्या सगळ्या नव्हत्या. तिच्या माहेरच्या नदीवरची एक होती, ती मला अर्धीच आठवते. आजीला विचारले तर म्हणते, "अशी कुठली व्हती गं?"

ती ओवी कोणताही डबा बदलून परत येणार नाही. आता ओव्या संगणकात आहेत, पेनड्राईव्हमध्ये आहेत आणि वहीतही आहेत. त्या वहीत एक पान मी कोरे ठेवले आहे. आजी जात्यावर बसली की मी ते उघडून शेजारी बसते.