एकाच दाराशीं अनेक पाहुणे

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं वर्गसोबत्यांनीं पायथन भाषेंत एक लहानसा सर्व्हर लिहिला. भोरांत राहणारे विद्यार्थी आणि वेल्ह्याकडे, तोरणा-राजगडाच्या कुशींत ज्यांचीं घरें आहेत ते विद्यार्थी, यांनीं सुटींत घरूनच गणिताच्या शंका विचाराव्या व सर्वांनीं त्या वाचाव्या, एवढाच हेतु. दूरच्या एका भाड्याच्या संगणकावर तो ठेविला.

ज्या दाराशीं बाहेरची जोडणी येऊन लागते, त्यास सॉकेट म्हणतात. सर्वांत सोपी रीत अशी कीं, आलेल्या एकास आंत घ्यावें, त्याचें बोलणें संपेपर्यंत ऐकावें, मग दुसऱ्यास बोलवावें. परंतु डोंगरामागील मुलाचा मोबाइल मुसळधार पावसांत अर्धें वाक्य पाठवून थबकला, कीं सर्व्हरही त्याच्या तोंडाकडे पाहत थबकतो आणि बाकीचे सारे दाराबाहेर ताटकळतात. एक सोबती म्हणाला, "दोन सेकंदांत जो वाक्य पुरें करणार नाहीं, त्यास बाहेर काढूं." आम्हांस हें रुचलें नाहीं. ज्याला शाळा गांठणें सर्वांत कठीण, त्यालाच प्रथम हाकलावयाचें, तर हा खटाटोप कोणासाठीं?

प्रत्येकामागें एक स्वतंत्र थ्रेड नेमितां येतो. पण एकाच यादींत दोघे एकदम लिहूं लागले म्हणजे कुलपें-किल्ल्यांचा संसार वाढतो. आम्हीं सिलेक्टची रीत धरिली. ही युक्ति १९८३ सालीं बर्कलेच्या युनिक्समध्यें आली. भोरजवळच्या भाटघर धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी चढलें कीं ते आपोआप उघडतात, दर दरवाजाशीं माणूस बसवावा लागत नाहीं. सिलेक्टचेंही कांहींसें तसेंच. कोणत्याही जोडणीवर कांहीं येईपर्यंत सर्व्हर निजून राहतो. जागा होतांच जेथें मजकूर आला तेवढाच उचलतो आणि पुन्हा निजतो.

खरी गंमत पुढेंच आहे. टीसीपीच्या प्रवाहांत वाक्यांच्या सीमा नसतात. एक वाक्य दोन तुकड्यांत येईल, अथवा दोन वाक्यें एकत्र येतील. म्हणून प्रत्येकाच्या नांवाची निराळी पाटी ठेवून, ओळ संपल्याची खूण येईपर्यंत तुकडे तीवर जोडीत जावें लागतें. त्यांतून मराठी लिहिणाऱ्यांस आणखी एक पथ्य! यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें एकेक चिन्ह तीन बाइटांचें असतें. तुकडा नेमका त्यांच्या मध्यें पडला तर अक्षर फुटतें. इंग्रजी ओळींवर ही अडचण कधींच दिसली नसती. सबब ओळ पुरी होईपर्यंत ते बाइट अक्षरांत बदलूंच नयेत.

पाठवितांनाही तीच काळजी. ज्याचें जाळें मंद, त्याच्या वाट्याचीं उत्तरें त्याच्या रांगेंत साठवावीं व दार मोकळें झालें म्हणजे द्यावीं. जो नीट निरोप घेतो, त्याच्याकडून रिकामा मजकूर येतो. ज्याची जोडणी अवचित तुटते, तो मात्र कांहींच कळवीत नाहीं. अशांसाठीं आम्हीं दहा मिनिटांची मुदत ठेविली. दोन सेकंद म्हणणाऱ्या सोबत्यास ती अजूनही फार वाटते.

श्रावणांतील एका रात्रीं वेल्ह्याकडील एका पाटीवर अर्धाच प्रश्न बराच वेळ पडून होता. इतरांचें बोलणें चालूच राहिलें. मग उरलेला तुकडा आला. प्रश्न वर्तुळाच्या स्पर्शिकेचा होता, आणि भोरच्या एका मुलीनें तो लागलीच सोडवून दिला.