पाण्याखालचा सोबती

मी गडबचा शिंपी. दीड वर्षाचा असताना पोलिओने उजवा पाय गेला. तेव्हापासून कॅलिपर आणि कुबडी. पुढे शिलाई मशीनला मोटर बसवली आणि अल्लाहच्या कृपेने संसार उभा केला. पण एक खोड लागली, ती काही सुटली नाही. कुणी हात पुढे केला की मला राग यायचा. जुम्याच्या नमाजला पेणला जायचो, तेही घरूनच वुजू करून आणि सगळ्यांच्या आधी. मशिदीच्या पायऱ्या चढताना कुणी पाहू नये, "थांबा, धरतो" म्हणू नये, एवढ्याचसाठी.

लहानपणी मी इतर मुलांसारखा असायचो तो फक्त तळ्यात. तिथे उभे राहायचेच नसायचे. म्हणूनच भाचा जेव्हा म्हणाला, "मामू, मालवणला जाऊन स्कूबा करू या," तेव्हा मी हसलो, पण नाही म्हणालो नाही.

आधी डॉक्टरांकडे गेलो. पोलिओने काहींचे श्वासाचे स्नायूही दुबळे होतात, त्यामुळे छाती आणि कान तपासून घेणे गरजेचे होते. दोन्ही ठीक निघाले. मालवणात पहिल्या ठिकाणी मात्र तो दाखला कुणी वाचलाच नाही. कुबडी पाहिली आणि म्हणाले, "यांना जमणार नाही." दुसऱ्या ठिकाणच्या तरुण प्रशिक्षकाने दाखला नीट वाचला आणि विचारले, "काका, तुम्हाला काय काय जमतं?" काय जमत नाही, हे मला आयुष्यभर विचारले गेले. हा प्रश्न नवा होता.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली. त्याने खुणा पुन्हा घोटून घेतल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवली की 'ठीक आहे'. अंगठा वर केला तर 'छान' नव्हे, 'वर चला'. कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे. श्वास कधीही रोखायचा नाही. मग टाकीला जोडलेले दोन माउथपीस दाखवले. एक स्वतःसाठी आणि दुसरे सोबत्यासाठी, त्याची हवा संपली तर. कितीही पट्टीचा पोहणारा असो, हे दुसरे माउथपीस त्याच्याजवळ असतेच. सोबत्याशिवाय खाली जायचे नाही, हा तिथला रिवाज. तो धडधाकटांनाही लागू आहे.

"आता तुम्ही माझं सामान तपासा," तो म्हणाला. पट्टे आणि बक्कल म्हणजे माझे रोजचे काम. त्याच्या कमरेच्या वजनाच्या पट्ट्याचे टोक लोंबत होते, ते मी खोचून दिले.

कॅलिपर काढून दोघांनी मला उचलून पाण्यात सोडले, तेव्हा शरमेने मान खाली गेली. दोन-तीन मीटर खाली गेल्यावर माझा स्वभाव आडवा आला. मी प्रशिक्षकाचा हात झटकला. मारायला पाय एकच, त्यामुळे अंग कलंडले. मास्कमध्ये पाणी शिरले. वर कुठे, खाली कुठे, कळेना. मनात कलमा सुरू झाला. तेवढ्यात मागून टाकीवर पकड बसली. तो समोर आला आणि सावकाश श्वास घेण्याची खूण करत राहिला. शिकवल्याप्रमाणे मी नाकाने फुंकून मास्कमधले पाणी काढले. मग त्याने हात पुढे केला. या वेळी मी तो धरला. त्यानंतरच मला खडकांवरचे मासे दिसले.

परतताना हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) आठवत होते. ते दृष्टिहीन होते आणि प्रेषित (स.) यांचे मुअज्जिन होते. पहाट झाली हे लोक त्यांना सांगत, मगच ते अजान देत. आणि रमजानमध्ये अवघे मदीना त्यांच्या अजानवर खाणेपिणे थांबवत असे. त्यांना लोकांच्या डोळ्यांची गरज होती आणि लोकांना त्यांच्या आवाजाची. यात लहान कोण झाले?

अमेरिकेत दिव्यांगांच्या डायव्हिंगसाठी १९८१ पासून एक संस्था काम करते. तिथे दर्जा ठरतो तो पाय किती लुळा यावरून नव्हे. जो स्वतःला सांभाळून सोबत्यालाही मदत करू शकतो, त्याला एक सोबती पुरतो. जो फक्त स्वतःला सांभाळू शकतो, त्याला दोन लागतात. ज्याला स्वतःसाठीच मदत लागते, त्याच्या दोन सोबत्यांपैकी एक बचावकार्य शिकलेला असावा लागतो. म्हणजे मदत लागणार हे आधीच धरलेले असते. प्रश्न एवढाच, की ती किती आणि कशी.

आमच्या खारेपाटात हे नवे नाही. उधाणाने बांधाला खांड पडली की गाव चिखलात उतरतो. तेव्हा कोण कुणाचे उपकार मोजतो? मी मात्र आयुष्यभर मोजत बसलो. लोक मदत करून मला लहान करतात असे मानले आणि त्यांच्या नेकीची वाट अडवली.

पुढच्या जुम्याला मुद्दाम सगळ्यांबरोबर पोहोचलो. नेहमीचा तो मुलगा पायरीशी उभा होता. सवयीने जरा लांबच. मीच म्हणालो, "बेटा, हात दे." वर चढताना त्याच्या कुर्त्याची शिवण खांद्यावर उसवलेली दिसली.

"नमाज झाल्यावर गडबला चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "दहा मिनिटांचं काम आहे."