माडाला गोधडी

नकाशा उघडून पाहिलात तर ह्यूस्टन हे शहर आपल्या दिल्लीच्या किंचित उत्तरेला, जवळजवळ हरिद्वारच्या रेषेत येते. दक्षिणेला मेक्सिकोचे आखात, हवेत समुद्राचा दमटपणा, उन्हाळ्यात आपल्या मुंबईला मागे सारील असा घाम. साहजिकच तिथल्या माणसांना वाटले, आपण उष्ण देशात राहतो. आणि उष्ण देशाची खूण म्हणून त्यांनी रस्त्यांच्या कडेला, दुकानांच्या पुढ्यात आणि घरोघरच्या अंगणांत हौसेने माडाच्या जातीची झाडे लावली. विमानतळावरून लेकीच्या घरी जाताना मला तर क्षणभर आपण अलिबागच्या रस्त्याला लागलो की काय, असे वाटले.

पण या शहराचे एक वैगुण्य आहे. हरिद्वारच्या पाठीशी हिमालय उभा आहे. ह्यूस्टनच्या पाठीशी कोणी नाही. उत्तर ध्रुवाकडचा गार वारा कॅनडातून निघाला की आखाताच्या पाण्यापर्यंत त्याला आडवा येणारा एकही डोंगर नाही. सपाट मैदानातून तो मोकाट सुटलेल्या घोड्यासारखा येतो. टेक्सासची माणसे त्याला 'नॉर्दर' म्हणतात. दुपारी अंगात सुती कपडे असावेत आणि रात्री शेकोटीपाशी बसण्याची पाळी यावी, हा त्याचा खाक्या. शाळेत भूगोलाच्या तासाला हिमालय आपले थंड वाऱ्यांपासून रक्षण करतो, हे वाक्य आपण सगळ्यांनीच घोकलेले असते. त्याचा खरा अर्थ मला साठी उलटल्यावर टेक्सासात कळला.

२०२५च्या जानेवारीत मी लेकीकडे होते. घराच्या पुढच्या अंगणात तिने एक झाड लावले होते, आणि त्याची ओळख पटायला मला दोन दिवस लागले. तिथल्या रोपवाटिकेत ते 'सिल्व्हेस्टर पाम' या ऐटदार नावाने मिळते आणि त्यासाठी शेकड्यांनी डॉलर मोजावे लागतात. जवळ जाऊन पानांच्या बुडाचे काटे पाहिले आणि मला हसू आवरेना. ही तर आपली शिंदी! ओढ्याकाठी, माळावर कोणी न लावता उगवणारी, ताडीवाल्याखेरीज जिची कोणी विचारपूस करीत नाही ती शिंदी. जिच्या पानांची केरसुणी होते आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण जिला हळदकुंकू वाहतो, तीच ही. बंगाली लोक हिच्याच रसाचा हिवाळी गूळ करतात. लेकीला हे सांगितले तर ती म्हणाली, "आई, हळू बोल. शेजारणीला कळलं आपण केरसुणीचं झाड एवढे पैसे देऊन आणलं, तर काय म्हणेल?"

शेजारीण एक वृद्ध शिक्षिका होत्या, आता निवृत्त झालेल्या. त्यांच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना पूर्वी दोन 'क्वीन पाम' होते. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले; दुरून पाहावे तर नारळीची धाकटी बहीणच. खरी नारळी ह्यूस्टनच्या हिवाळ्यात उघड्यावर टिकत नाही, म्हणून तिची हौस लोक या क्वीन पामवर भागवीत. २०२१पर्यंत शहरात गल्लोगल्ली ही झाडे दिसत. आता ती मोजकीच दिसतात, आणि जी दिसतात ती बहुतेक नव्याने लावलेली.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीची गोष्ट शेजारीणबाईंनी मला चहा पिता पिता सांगितली. थंडीची सूचना आधी मिळाली होती. बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी दोन्ही झाडांच्या झावळ्या बांधल्या, घरातली होती नव्हती ती ब्लँकेटे शिडीवर चढून शेंड्याला गुंडाळली आणि आत नाताळच्या दिव्यांच्या माळा सोडल्या. माळा शोभेच्या नव्हेत हो, उबेच्या. जुन्या पद्धतीचे, तारेचे दिवे तापतात. त्यांच्या त्या तापण्यावर एका झाडाची रात्र निभावते. हल्लीचे एल.ई.डी. दिवे या कामी अगदी निरुपयोगी. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. म्हणून जुन्या माळा जपून ठेवणारी माणसे तिथे अजून आहेत.

पण १५ फेब्रुवारीच्या पहाटे वीजच गेली. एका घरची किंवा एका आळीची नव्हे. टेक्सासात पंचेचाळीस लाखांवर घरे अंधारात गेली. पारा ह्यूस्टनला उणे १० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला. घरांच्या भिंती उकाड्यासाठी बांधलेल्या, नळाचे पाणी नळातच गोठून नळ फुटलेले. त्या थंडीत राज्यात २४६ माणसे दगावली, असा सरकारी आकडा आहे. बाईंच्या पलीकडच्या घरात तीन महिन्यांचे मूल होते. उजाडताच बाई आणि त्यांचे यजमान शिडी घेऊन बाहेर पडले, झाडांची ब्लँकेटे उतरवली, झटकली आणि त्या घरात नेऊन दिली.

"मग झाडं?" मी विचारले.

"झाडं गेली," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

आता हे झाड इतके नाजूक का, हे समजून घेण्याजोगे आहे. आंबा घ्या, वड घ्या. फांदी मोडली तर शेजारून दुसरी फुटते, साल खरवडली तर भरून येते. माड, शिंदी, ताड यांचे तसे नाही. एक खोड, आणि खोडाच्या टोकाशी, झावळ्यांच्या बुडात दडलेला एकच कोंब. आयुष्यातले प्रत्येक पान त्या एका कोंबातून यायचे. खोडाला झालेली जखम जन्मभर तशीच राहते. झावळ्या सगळ्या करपल्या तरी चालेल, पण तो कोंब मेला की झाड संपले. कोकणातल्या बागाइतदाराला हे सांगायला नको. गेंड्या भुंगा शेंड्यात शिरला म्हणजे तो का धावतो, ते त्याला ठाऊक असते. टेक्सासात भुंग्याच्या जागी थंडी, एवढाच फरक. तेव्हा माड थंडीपासून वाचवायचा म्हणजे सगळे झाड वाचवायचे नाही. शेंड्यातली वीतभर जागा उबदार ठेवायची.

तो प्रसंग आमच्यावर १९ जानेवारीच्या रविवारी आला. मंगळवारी बर्फ पडणार, अशी वेधशाळेची सूचना होती. ह्यूस्टनमध्ये बर्फ म्हणजे आपल्याकडे सोलापुरात बर्फ पडल्यासारखे! दुकानांतून दूध आणि पाव नाहीसे झाले, आणि त्यांच्या पाठोपाठ झाडे झाकण्याचे पांढरे कापडही. आळीतल्या प्रत्येक अंगणात लहानथोर माणसे झाडांच्या मागे लागलेली. मला ती लगबग मोठी ओळखीची वाटली. पावसापूर्वी आपल्याकडे घरे शाकारीत तशी.

आमचे जावई संगणकातले तज्ज्ञ. हाताला माती लागू न देण्याकडे त्यांचा कल. पण त्या दिवशी कामाचे मुकादम तेच झाले. प्रथम बुंध्याभोवती भरपूर पाणी दिले. थंडी यायची आणि झाडाला पाणी कसले पाजता, असे मला वाटले. परंतु ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते, कोरडी माती तेवढी धरीत नाही. शिवाय नॉर्दर हा कोरडा वारा, तो पाने शोषून काढतो. मात्र पाणी मुळाशीच द्यायचे. शेंड्यात साचले तर तिथेच गोठते आणि कोंबाचा घात करते. मग बुंध्याशी पाइनच्या सालीचा वीतभर जाड थर घातला. मग झावळ्या वर गोळा करून, लहान मुलीच्या केसांचा शेंडीला बुचडा बांधावा तशा मऊ दोरीने बांधल्या. शिंदीचे काटे हे प्रकरण बंगाली गुळाइतके गोड नाही. कातडी हातमोजे असूनही जावयांच्या मनगटांवर रक्त आले.

बांधल्यावर जुन्या चादरी. आणि चादरी संपल्या तेव्हा लेक माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. नातवासाठी मी आईच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवून नेली होती. नातू एकदाही तिच्यात झोपला नव्हता. घरात बाराही महिने तापमान यंत्राने ठरवलेले, त्याला गोधडी काय करायची? लेकीला मागायला जड जात होते. मी म्हटले, "ने. मातीने खराब होईल तर होईल. धुता येते." लुगड्याचे सात पदर आणि त्यांच्या मधली हवा, थंडीला अडवते ती ही हवा, कापड नव्हे. गोधडी कोंबाच्या जागेवर दोन वेढे घालून बसवली, आत जुन्या दिव्यांची माळ सोडली, दिवे पानांना आणि कापडाला टेकणार नाहीत असे पाहिले. बर्फाने कापड भिजू नये म्हणून सर्वांत बाहेरून ताडपत्री बांधली. प्लास्टिक पानांना चिकटू द्यायचे नाही. चिकटले तर तेवढे पान करपते. आणि ऊन पडले की ते आधी काढायचे, नाहीतर आत झाड उकडते.

तिथले लोक थंडीचे दोन प्रकार मानतात. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात टाकून गार होते. त्या थंडीला नुसती चादर पुरते, कारण चादरीखाली जमिनीचीच ऊब कोंडून राहते. म्हणूनच चादर जमिनीपर्यंत पोहोचली पाहिजे. झाडाच्या डोक्यावर टोपरे घातल्यासारखी नुसती बांधून उपयोग नाही. वाऱ्याबरोबर येणारी थंडी मात्र चादरीला दाद देत नाही. तिथे उबेचा काही उगम लागतो, म्हणून दिवे.

मंगळवारी सकाळी पडदा सारला आणि अंगण पांढरे. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाठोडी बांधलेली झाडे बर्फात उभी होती. एखाद्या लांबच्या यात्रेला निघालेली माणसे फलाटावर घोंगड्या पांघरून उभी असावीत तशी. नातवाने आयुष्यातला पहिला बर्फ पाहिला. त्या दिवशी आखाताच्या किनाऱ्याने थेट फ्लोरिडापर्यंत बर्फ पडला. न्यू ऑर्लिन्सला तर विमानतळावर आठ इंच मोजला; १९६३चा जुना विक्रम मागे पडला. रात्री पारा पुन्हा शून्याच्या बराच खाली गेला. या खेपेला वीज टिकली. आमच्या अंगणातली ताडपत्री आतून रात्रभर पिवळसर उजळत होती, आकाशकंदिलासारखी. पलीकडे शेजारीणबाईंच्या फाटकाशी मात्र काहीच बांधलेले नव्हते. क्वीन पामच्या जागी त्यांनी साबाल जातीचे माड लावले आहेत. हे साबाल टेक्सासच्याच दक्षिण टोकाचे, रिओ ग्रांदे नदीच्या काठचे. २०२१ची थंडीही त्यांनी सोसली होती. पण वाढायला भारी संथ. "मला त्यांची सावली मिळायची नाही," त्या म्हणाल्या, "पण मला आता शिडीवर चढायचं नाही."

बर्फ वितळल्यावर आठवड्याने आम्ही गॅल्व्हेस्टनला गेलो. ह्यूस्टनपासून तासाभराच्या वाटेवरचे हे बेट. १९०० साली सप्टेंबरात इथे आलेल्या वादळाने सहा हजारांवर माणसे गिळली. उरलेल्यांनी समुद्राला धक्का बांधला आणि १९०३ ते १९११ या काळात घरे जॅकवर उचलून त्यांच्याखाली वाळू भरली. गाव चक्क वर उचलले. खाऱ्या वाळूने सगळी झाडी मेली. मग गावातल्या बायकांच्या एका मंडळाने गावभर पुन्हा कण्हेरी, माड आणि सावलीची झाडे लावली. त्या बेटावर हिंडताना, रस्त्याकडेच्या तपकिरी झालेल्या झावळ्यांकडे पाहून लेक हळहळत होती. मला तितके वाईट वाटले नाही. समुद्राच्या उबेने बेटावरची थंडी ह्यूस्टनहून सौम्य असते, आणि या गावाने याहून पुष्कळ सोसले आहे.

थंडीनंतरचे काम थंडीतल्या कामापेक्षा अवघड, कारण त्यात काहीच करायचे नसते. आमच्या शिंदीच्या बाहेरच्या झावळ्या आठ दिवसांत वाळल्या गवताच्या रंगाच्या झाल्या. रस्त्याने झाडे कापणारे कंत्राटदार फिरू लागले. दारावर येऊन सांगत, झाड मेले आहे, आजच काढून टाका, उद्या भाव वाढेल. जावई डळमळले. शेजारीणबाईंनी बजावले की जूनपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही, आणि ज्या झावळीत थोडाही हिरवा अंश आहे तिला हात लावायचा नाही. तेवढ्यावरच झाड जगत असते. बुरशी शिरू नये म्हणून शेंड्यात तांब्याचे औषध घातले. आपल्याकडे बोर्डो मिश्रण वापरतात, त्याच जातीचे. मग त्यांनी मधले न उमललेले पान, सुईसारखे सरळ, दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहिले. ते हातात आले असते तर आत कुजले आहे, असे समजायचे. ते आले नाही.

शेवटी त्यांनी खिशातून शाळेतली काळ्या शाईची जाड लेखणी काढली, आणि ती सुई व तिच्या शेजारची जुनी झावळी यांवर एकाच उंचीला एक आडवी रेघ ओढली. जुनी झावळी हलायची नाही. सुई जिवंत असेल तर वर सरकेल आणि रेघ तुटेल. मी फेब्रुवारीअखेर परतले तेव्हा रेघ सरळच होती.

दर रविवारी दूरध्वनीवर मी आधी नातवाची चौकशी करी आणि मग रेघेची. मार्च तसाच गेला. जावयांनी कंत्राटदाराचा भाव विचारून ठेवला होता, असे मागाहून कळले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीने बोलणे सुरू होताच मला थांबवले आणि नातवाच्या हाती दूरध्वनी दिला. तो म्हणाला, "आजी, चार बोटं!"

गोधडी धुऊन पुन्हा पेटीत ठेवली आहे. पेटीवर लेकीने चिठ्ठी लावली आहे, 'शिंदीची.'