उंबरठ्यावरचा धर्म

परधर्माची ओळख ग्रंथावरून करून घ्यावी की माणसावरून? आम्ही देवळाच्या ओसरीवर वाढलेली माणसे. ख्रिस्ती धर्मग्रंथांचा अभ्यास आम्ही केलेला नाही. त्या धर्माविषयी आमच्या मनात जो आदर उपजला, तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या संसाराकडे पाहून.

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या वाट्यास नवरा जिवंत असता ताटातूट आली. ते दुःख कोणत्याही गौरवाने झाकू नये, असेच आम्हांस वाटते. परंतु पुढे त्या पतीजवळ राहावयास गेल्या, तेव्हा टिळकांनी त्यांचे सोवळे मोडले नाही. त्यांनी आपल्या रीतीने रांधावे, यास त्यांची आडकाठी नव्हती. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःचे मन वळल्यावर. 'स्मृतिचित्रे' लिहिताना पतीचा तापटपणा व विक्षिप्तपणा त्यांनी लपविला नाही; म्हणूनच त्यांची साक्ष आम्हांस खरी वाटते. टिळकांनीही अभंग आणि कीर्तन यांचा वारसा टाकला नाही; त्याच वाणीने ते आपल्या ख्रिस्ताला आळवीत राहिले.

आम्ही आमच्या कुलदेवतेचे आहोत आणि राहू. पण उद्या आमच्या घरी निराळ्या श्रद्धेची सून आली, तर तिचा देव आणि तिची रीत आम्ही अशीच सांभाळू काय? पालखीला खांदा देणे सोपे आहे. आमच्या भक्तीची खरी पारख त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर होईल.