पिन बदलली, वीज तीच

आमच्या घरातल्या भिंतीच्या कपाटात, आईंच्या जपमाळेच्या डबीशेजारी, एक पांढरे यंत्र कापडात गुंडाळून ठेवलेले आहे. आकाराने ते चहाच्या किटलीएवढे असेल. त्याच्या तळाशी एक पट्टी चिकटवलेली असून तिच्यावर बारीक अक्षरांत छापले आहे : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ही एवढीशी ओळ आम्ही उभयतांनी वेळेवर वाचली असती, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर आला नसता.

आईंना दम्याचा जुना विकार होता. कर्जत-खालापूरचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना दमेकऱ्याचे आषाढ-श्रावण कसे जातात हे सांगायला नको. भिंतींना ओल येते, वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि रात्री घरातल्या साऱ्यांचे कान एकाच माणसाच्या श्वासाकडे लागलेले असतात. आमची मुलगी अमेरिकेत परिचारिका आहे. आजीच्या श्वासाची काळजी तिला तिथेही स्वस्थ बसू देईना. तिने आपल्या पगारातून पैसे बाजूला टाकून औषधाची वाफेसारखी फवार करून देणारे यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, विकत घेतले आणि सुट्टीवर येणाऱ्या एका परिचितांच्या हाती पाठवून दिले.

यंत्र आले, पण त्याची पिन आपल्या घरात बसेना. तिला दोन चपटी पाती होती आणि आपल्याकडची भोके गोल. आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने विनाविलंब एक लहानसा अॅडॉप्टर काढून दिला. त्यात चपटी पाती अलगद शिरली आणि अॅडॉप्टर भिंतीतल्या भोकांत घट्ट बसला. आम्हांला वाटले, प्रश्न मिटला. त्या रात्री आईंना धाप लागली तेव्हा आम्ही मोठ्या विश्वासाने यंत्र पुढे ठेवले. आईंनी क्रुसाची खूण केली, मुखवटा नाकाशी धरला आणि आम्ही बटण दाबले.

यंत्र चालू झाले, पण त्याचा आवाज काही तरी वेगळाच होता, चिडलेल्या गांधीलमाशीसारखा. क्षणार्धात जळका वास सुटला, खालून धूर निघाला आणि घरातली वीज गेली. ज्या माणसाला श्वास हवा होता, त्याच्यासमोर आम्ही अंधार आणि धूर ठेवला होता. बाहेर पाऊस कोसळत होता. शेजाऱ्यांच्या मुलाने कुठून तरी रिक्षा आणली, आईंना चादरीत गुंडाळून आम्ही रुग्णालयात नेले. पहाटे त्यांचा श्वास जागेवर आला. डोळे उघडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "पोरीचं मशीन बिघडलं का रे?"

दोन दिवसांनी आमच्या आळीतले एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी ते यंत्र बघायला आले. सारे आयुष्य त्यांनी विजेच्या तारांखाली घालवलेले. त्यांनी यंत्र उलटे केले, पट्टी वाचली आणि हसले नाहीत, याबद्दल आम्ही त्यांचे आजही ऋणी आहोत.

"अहो, तुम्ही पिन बदललीत. वीज तीच राहिली," ते म्हणाले. "हे एकशेवीस व्होल्टचं यंत्र, आणि आपल्या भिंतीत आहेत दोनशेतीस."

मग त्यांनी आम्हांला समजेल असा दाखला दिला. आपल्या मुंबई-पुणे मार्गावर पूर्वी १५०० व्होल्टची एकदिश वीज होती. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली ती याच विजेवर. पुढे देशात अन्यत्र २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली आणि मुंबईकडचे मार्गही टप्प्याटप्प्याने तिच्यावर आणावे लागले. ते काम २०१६ साली पुरे झाले. मधल्या काळात एका गाडीला दोन्ही प्रकारच्या तारांखालून जावे लागे. त्यासाठी दोन्ही दाबांवर चालणारी इंजिने आणि लोकल गाड्या बनवल्या गेल्या. "वर तारेला टेकणारा सांगाडा दोन्हीकडे टेकतो हो," ते म्हणाले, "पण टेकला म्हणून इंजिन चालत नाही. आलेली वीज पचवणारी यंत्रणा आत असावी लागते."

हे ऐकून आम्ही वरमलो. कारण आम्ही राहतो तो मुलूख विजेचे माहेरघर आहे. लोणावळ्याच्या माथ्यावर तळ्यांत साठवलेले पावसाचे पाणी जाडजूड नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरते आणि तिथे चक्रे फिरवते. जमशेटजी टाटांचे हे स्वप्न त्यांच्या निधनानंतर, १९१५ साली साकार झाले आणि मुंबईच्या गिरण्या खोपोलीच्या विजेवर फिरू लागल्या. १९२२ साली आमच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. ज्याला व्होल्ट म्हणतात तो विजेचा दाब म्हणजे काय, हे समजून घ्यायला खोपोलीच्या त्या नळांकडे पाहावे. पाणी जितक्या उंचावरून येते तितका त्याला जोर असतो. बागेतल्या झारीला तो नळ जोडला तर झारीचे काय होईल, हे शाळकरी पोरही सांगेल. आम्ही नेमके तेच केले होते. फक्त जोड घट्ट बसला म्हणून निश्चिंत होतो.

दूरवर वीज नेताना ती मोठ्या दाबाने नेतात, कारण त्यामुळे तारांत कमी प्रवाह वाहतो आणि वाटेत उष्णतेच्या रूपाने कमी वीज वाया जाते. मग जागोजागी तो दाब उतरवतात. शेवटची पायरी म्हणजे गावाच्या वेशीवरची, आपण सारे जिला 'डीपी' म्हणतो ती. तिच्या आत लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेची वेटोळी असतात. एका बाजूला वेढे जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, त्या प्रमाणात दाब उतरतो. परदेशी वस्तूंसाठी मिळणारा जड ट्रान्सफॉर्मर म्हणजे या डीपीचेच धाकटे भावंड. अॅडॉप्टर मात्र केवळ पितळेच्या पट्ट्यांचा सांधा असतो. तो हलका आणि स्वस्त असतो, आणि विजेला तसूभरही बदलत नाही.

भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. दाब जवळजवळ दुप्पट झाला की तापणाऱ्या वस्तूची उष्णता दुप्पट न होता चौपटीच्या घरात जाते. म्हणून अमेरिकेची इस्त्री इथे जळते आणि इथली इस्त्री तिथे धड तापत नाही. आणखी एक बारकावा त्या रेल्वेच्या गृहस्थांनी सांगितला. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, पण हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे साठ हर्ट्झसाठी बांधलेली कित्येक मोटारयंत्रे योग्य दाब मिळूनही इथे मंद चालतात आणि तापतात. श्वासाशी संबंध असलेले यंत्र ज्या देशात वापरायचे त्याच देशात विकत घ्यावे, हे उत्तम.

इथवरची चूक अज्ञानाची होती. पुढची मात्र तशी नव्हती, आणि हा लेख खरे तर तिच्यासाठी लिहीत आहोत.

दर रविवारी मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो की मुलीचा फोन येई. त्या रविवारीही आला. "मशीन लावता ना?" तिने विचारले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि म्हटले, "लावतो गं. छान चालतंय." तिच्या कष्टाचे पैसे आमच्या हातून जळाले, हे सांगायला जीभ धजेना. तिला वाईट वाटू नये म्हणून, असे आम्ही स्वतःला समजावले. आपली लाज झाकण्यासाठीही, हे आता कबूल करतो. आईंना ते रुचले नाही. पण मुलासुनेला खोटे पाडायचे नाही म्हणून त्या गप्प राहिल्या.

हे खोटे तीन महिने चालले. आईंचा खोकला हटेना. रुग्णालयातून दिलेल्या तोंडाने ओढायच्या पंपावर आम्ही भागवत होतो. आणि तिकडे मुलीच्या हिशेबात आजी दिवसातून दोनदा यंत्रातून औषध घेत होती. इतके औषध जाऊनही गुण येत नाही म्हणजे मात्रा अपुरी आहे, असे तिला वाटू लागले. डॉक्टरांना सांगून औषध वाढवून घ्या, असा तिने आग्रह धरला. एके रविवारी तिने नव्या मात्रेचे आकडेही कागदावर उतरवून घ्यायला लावले. तो कागद हातात धरून आम्ही बसलो, तेव्हा प्रथमच आम्हांला भीती वाटली. आमच्या खोट्यावर एक शिकलेली, जबाबदार मुलगी वृद्ध माणसाच्या औषधाचा हिशेब मांडत होती.

नाताळला ती घरी आली. त्याआधीच आगमनकाळात आम्ही प्रायश्चित्त संस्कारासाठी गेलो होतो. धर्मगुरूंनी एवढेच विचारले, "हे जिला सांगायला हवं, तिला सांगितलंत का?" मुलीला स्टेशनवरून घरी आणल्यावर, तिचे सामान उतरवण्याआधी आम्ही जळके यंत्र टेबलावर ठेवले आणि सारे सांगितले. ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, मशीन गेलं त्याचं काही नाही. पण मी तिथून डोळे मिटून औषध सांगत होते, आणि तुम्ही मला सांगू दिलंत!" आईंनी तिला जवळ घेतले. दुसऱ्या दिवशी ती आम्हांला घेऊन बाजारात गेली आणि इथल्याच विजेवर चालणारे यंत्र घेऊन आली. आई त्यापुढे चार पावसाळे त्याच्या आधाराने जगल्या.

अलीकडे आमच्या धर्मग्रामातील काही मंडळी पवित्र भूमी, रोम आणि लूर्दच्या यात्रेला निघाली, तेव्हा फादरांनी मिस्सानंतर आम्हांला दोन शब्द सांगायला उभे केले. मंडळींच्या बॅगांत दोन-दोन किलोचे ट्रान्सफॉर्मर होते. आम्ही सांगितले की ते घरीच ठेवा. इस्राएल, इटली, फ्रान्स, आणि पुढे फातिमाला गेलात तर पोर्तुगाल, या साऱ्या देशांत आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज आहे. तिथे फरक आहे तो भोकांचा. बारीक गोल दोन पिनांचा मोबाईलचा चार्जर बहुधा तसाच बसतो. आपली तीन पिनांची मोठी पिन बसत नाही, तिला अॅडॉप्टर हवा. आखातात नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना चौकोनी तीन पिनांचा, इंग्लंडच्या धर्तीचा अॅडॉप्टर लागेल. अमेरिका, कॅनडा (१२० व्होल्ट) किंवा जपानला (१०० व्होल्ट) जाताना मात्र दाबाचा विचार आधी करावा.

यंत्राची पट्टी वाचावी, हाच खरा नियम. तिच्यावर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे असेल, तर ते यंत्र त्या दुहेरी इंजिनासारखे आहे. कोठेही न्यावे, अॅडॉप्टर पुरे. मोबाईल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. एकच आकडा लिहिला असेल आणि त्या देशाचा आकडा निराळा असेल, तर ट्रान्सफॉर्मर हवा, आणि त्याची क्षमता यंत्राच्या वॉटपेक्षा चांगली जास्त असावी. स्वस्त, हलके कन्व्हर्टर बहुधा केस वाळवण्यासारख्या थोड्या वेळच्या तापणाऱ्या कामापुरते असतात. श्वासाच्या यंत्राला ते लावू नयेत. ज्या यंत्राला तिसरी, अर्थिंगची पिन आहे, त्याला ती जोडणाराच अॅडॉप्टर घ्यावा. दोन पिनांवर भागवू नये. एका मावशींनी रात्री झोपताना लावायच्या श्वासयंत्राची पट्टी तिथल्या तिथे चष्मा लावून मोठ्याने वाचली, तेव्हा आम्हांला आईंची फार आठवण झाली.

आपल्या समाजाला या गोष्टीचे अप्रूप वाटू नये. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. वरवरचा पेहराव बदलून आणि चार शब्द पाठ करून त्यांना काम भागवता आले असते. त्यांनी मराठी आत्मसात केली, ओवीचा छंद घेतला आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. इथल्या माणसाला पेलेल अशा रूपात त्यांनी संदेश दिला, आणि संदेशात खोट मिसळली नाही. ही मेहनत मोठी असते. म्हणूनच बहुधा आपण जोड घट्ट बसवण्यावर समाधान मानतो.

आमचे रविवारचे फोन तसे होते. सारे कसे अलगद बसत होते. प्रश्न, उत्तर, हसणे, आशीर्वाद. वाहत होते ते मात्र चुकीचे.

आई गेल्या त्यालाही आता काही वर्षे झाली. आवराआवर करताना मुलीने ते जळके यंत्र टाकून द्या म्हणून सांगितले. आम्ही टाकले नाही. कोणी यात्रेला किंवा मुलांकडे परदेशी निघाले आणि सल्ला विचारायला घरी आले की आम्ही ते कपाटातून काढतो, उलटे करतो आणि ती बारीक ओळ त्यांनाच वाचायला लावतो. रविवारचा फोन अजून येतो. आता आम्ही खोकला असला की खोकला म्हणतो.