दुसरा हात

मेकॅनिकलचा पोरगा रूममध्ये ब्रश घेऊन बसला की ओळखावं, सबमिशन जवळ आलंय! माझ्याबाबतीत ते खरंही होतं, पण कारण वेगळं होतं.

गणपतीत घरी गेलो तेव्हा आजीच्या फोटोची फ्रेम भिंतीवरून पडली. काच फुटली, रंगाचे पोपडे निघाले. आजोबांनी स्वतः केलेली सागवानी फ्रेम, कडेने कोरलेली वेल. अण्णांचा हात हल्ली थरथरतो. "मी करतो," म्हटलं आणि फ्रेम होस्टेलवर आणली.

मला ग्लेझिंग करायचं होतं. आधी फिकट रंगाचा हात, तो वाळला की वरून गडद, पारदर्शक रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा. उंचवट्यावरचा रंग निघतो, खाचांत राहतो, नक्षी उठून दिसते. ऐकायला काय, सोपंच!

पॉलिश पेपर मारला, रात्री क्रीम ऑइल पेंट दिला. सकाळी बोट लावलं, चिकटलं नाही. मग बर्न्ट अंबर, टर्पेंटाइन आणि थोडं जवसाचं तेल कालवून लावलं. पुसायला गेलो तर खालचा क्रीम रंगही फडक्यात! आजोबांची वेल चिखलात लोळल्यासारखी दिसायला लागली.

झक मारत फोन केला.

"किती वेळ ठेवलास?"

"रात्रभर."

"या पावसात? अरे, वरून वाळला तरी आत कच्चाच असतो. नख दाबून बघ. उठलं तर थांबायचं. आणि ते तेलाचं फडकं गोळा करून टाकू नकोस, पसरून वाळव. आपोआप पेटतं ते."

स्पीकरवर सगळं ऐकणारा केमिकलचा रूममेट उडालाच. म्हणाला, "बरोबर आहे! जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यात उष्णता निघते. गोळ्यात ती कोंडते. तुझे अण्णा केमिकलचे का रे?"

फर्स्ट इयरला 'वडील काय करतात' या प्रश्नावर मी सगळ्यांना 'बिझनेस' सांगितलं होतं. अण्णा दुकानांचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. मग बिल्डिंगांच्या भिंती. माझी फी त्यातूनच भरली.

"सांगतो नंतर," म्हणून मी फडकं गॅलरीच्या कठड्यावर पसरलं.

सगळं खरवडून पुन्हा क्रीम रंग दिला. या वेळी दहा दिवस थांबलो. (टर्पेंटाइनच्या वासावरून रेक्टरसरांनी दोनदा चौकशी केली, तो भाग वेगळा.) नख उठेनासं झालं तेव्हा ग्लेझ दिलं. पानापानाची शीर दिसायला लागली. एक कोपरा मात्र काळपट राहिला.

रूममेट बघत उभा होता. त्याला म्हटलं, "अण्णा पेंटर आहेत. बोर्ड रंगवायचे."

"मग हे आधी का नाही दाखवलंस त्यांना?" एवढंच बोलला तो आणि मेसला गेला.

दिवाळीत फ्रेम घरी नेली. अण्णांनी चष्मा लावून वेलीवरून बोट फिरवलं, त्या कोपऱ्याशी थांबले.

"इथे पुसायला उशीर केलास." मग फ्रेम खिळ्याला अडकवत म्हणाले, "ब्रश धुऊन ठेवलास ना?"