पिसांचं काम

फ्लाय टाइंग म्हणजे काय, हे मी ऑफिसात आजवर निदान वीस जणांना समजावलं असेल. थोडक्यात सांगायचं तर गळाला दोऱ्याने पिसं, केस, तार असं काहीबाही बांधून त्याचा किडा बनवायचा. माशाला तो खरा वाटला पाहिजे. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, शुद्ध फसवणूक. "म्हणजे तू वीकेंडला बसून पिसं गुंडाळतोस?" हा प्रश्न यावर हमखास येतो. हो, गुंडाळतो. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाने आठवड्यातून एकदा तरी जिथे अनडू नाही असं काम करावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हा नाद लागला इंग्लंडात. २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षं मी ऑनसाइटला हर्टफर्डशायरमध्ये होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे, वय अठ्ठ्याहत्तर. पेशाने शिक्षक नव्हते, पण समोरच्याला काही शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणायचो. तिथे हिवाळ्यात चार वाजता अंधार होतो. मग रविवारची दुपार त्यांच्या किचनच्या टेबलावर.

पहिल्या रविवारी मास्तरांनी गळाला हातच लावू दिला नाही. टर्कीचं एक पीस दिलं आणि म्हणाले, "फाड." फाडलं. "आता बोटांनी हलकेच ओढून पुन्हा जोड." आणि गंमत म्हणजे ते खरंच जोडलं गेलं! पिसाच्या दांडीला दोन्ही बाजूंनी तंतू असतात, प्रत्येक तंतूला आणखी बारीक तंतू आणि त्यांना सूक्ष्म आकडे. हे आकडे शेजारच्या तंतूत अडकतात. आपल्या वेल्क्रोसारखंच, फक्त कित्येक कोटी वर्षं जुनं. पक्षी चोचीने पिसं विंचरत बसतो तेव्हा तो हीच उघडलेली चेन पुन्हा लावत असतो.

याच आकड्यांच्या जोरावर लाल, पिवळे, निळे असे वेगवेगळ्या पिसांचे तंतू एकमेकांत गुंतवून एकसंध पंख तयार करता येतो. अट एकच, सगळे तंतू दांडीच्या एकाच बाजूचे हवेत. डाव्याशी डावा, उजव्याशी उजवा. उलटसुलट झालं की धरतच नाहीत. टाइप मिसमॅच! एरर मेसेज मात्र येत नाही, तो बोटांनाच कळावा लागतो.

प्रत्येक पिसाचा स्वभाव वेगळा. मोरपिसाचे तंतू दिसायला झकास, पण ट्राउटच्या दातांपुढे दोन मिनिटं टिकत नाहीत. म्हणून ते दोऱ्याबरोबर पीळ देऊन गुंडाळायचे किंवा वरून उलट्या दिशेने बारीक तार फिरवायची. विल्टशायरच्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे एक नदीरक्षक होते. त्यांनी दोराच काढून टाकला. फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची केसाएवढी तार, बस्स. ती त्यांची निम्फ आज जगभर बांधली जाते. कमी डिपेंडन्सी, जास्त आयुष्य.

बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्याभोवतीची पिसं म्हणजे तर निव्वळ धूर. स्वित्झर्लंडच्या जुरा भागात १९२०च्या दशकात लोक त्यांच्या फ्लाय बांधू लागले. बारीक तंतूंत हवा अडकते आणि फ्लाय पाण्यावर तरंगते. तिला तरंगण्यासाठी नेहमीचं जेल फासलं की तंतू चिकटून ओल्या मांजरीसारखा अवतार होतो. ही पिसं हाताळताना पंखा बंद, खिडकी बंद आणि शिंक आली तर आधी उठून लांब जायचं.

आणि मग आला रानकोंबडा.

मास्तरांनी एक दिवस बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. आत एका पक्ष्याच्या मानेचं वाळलेलं कातडं होतं, अर्धं उपटलेलं. प्रत्येक पिसाच्या टोकाला पांढरा-पिवळा चकचकीत ठिपका. "जंगल कॉक," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडचा."

खरंच आमच्याकडचा. हा राखी रानकोंबडा जगात फक्त भारतातच सापडतो. शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी, पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्ग अभ्यासकावरून. आंबोलीला मामाकडे पहाटे त्याची तुटक, घोगरी बांग मी लहानपणी कितीदा ऐकली आहे. पण पक्षी इतक्या जवळून पाहिला तो हर्टफर्डशायरच्या किचनमध्ये, तोही गळ्यापुरता. याच्या मानेच्या पिसाला टोकाशी तंतू नसतात. दांडीच पसरून चपटी होते आणि नखावर नेलपॉलिशचा थेंब पडावा तशी दिसते. सामन माशाच्या फ्लायला दोन्ही गालांवर हे एकेक पीस लावतात, डोळ्यासारखं. जॉर्ज केल्सनच्या १८९५ सालच्या 'द सामन फ्लाय' या पुस्तकाच्या काळात तर असल्या विदेशी पिसांचं वेडच होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस भारतातून याची निर्यात बंद झाली, १९७२च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्यालाही संरक्षण मिळालं. आता परदेशात बाजारात येतात ती पाळलेल्या पक्ष्यांची पिसं. मास्तरांचा डबा बंदीच्या आधीचा, त्यांच्या वडिलांचा.

आमच्या घरापासून ट्रिंग फार लांब नव्हतं. तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून जून २००९ मध्ये एडविन रिस्ट नावाच्या विशीतल्या बासरीवादकाने पक्ष्यांची २९९ कातडी चोरली. कशासाठी? फ्लाय बांधायला आणि विकायला. काही तर आल्फ्रेड रसेल वॉलेसने स्वतः गोळा केलेली होती. पुढे बरीच परत मिळाली, पण अनेकांची लेबलं काढून टाकलेली. कुठे सापडला, कधी, कोणाला, हे त्या चिठ्ठीवर असतं. ती गेली की अभ्यासाच्या दृष्टीने उरतं ते नुसतं रंगीत पीस.

२०१८च्या वसंतात मास्तरांनी मला एक काम सांगितलं. त्यांच्या डोळ्यांना मॅक्युलर डिजनरेशन झालं होतं. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं नाही. भावाबरोबर स्कॉटलंडला टे नदीवर जायचं ठरलं होतं, बहुधा शेवटचंच. "वडिलांच्या डब्यातली दोन पिसं घे आणि एक काळी-रुपेरी बांधून दे."

मी म्हटलं, "पाळलेल्या पक्ष्याची पिसं मागवू का? दिसायला तीच."

"दिसायला तीच," ते म्हणाले. "पण मला दिसत कुठे आहे?"

यावर काय बोलणार! आठवडाभर मी त्यावर विचार केला. हा पक्षी माझ्या जन्माच्या आधीच मेलेला, त्याला आता फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या पक्ष्याला. 'अस्सल पिसाची' फ्लाय कोणी दाखवली की दुसऱ्याला हवी होते, आणि त्या हव्यासाचं टोक ट्रिंगला दिसलंच होतं. शेवटी मी ठरवलं, बांधायची. एकच, मास्तरांसाठी. फोटो काढायचा नाही, कोणाला दाखवायची नाही.

जोडीतलं एक पीस चिरलेलं होतं. मागच्या बाजूने पातळ व्हार्निशचा एक थेंब लावून दोन बोटांत धरून ठेवलं. दुसरं वाकलेलं होतं, ते केटलच्या वाफेवर धरलं आणि हळूहळू सरळ झालं. बांधायला वीस मिनिटं, त्याआधी दोन संध्याकाळी नुसती तयारी. मास्तरांनी फ्लाय डोळ्यांपाशी नेलीच नाही. दोन्ही गालांवरून अंगठा फिरवला आणि टोपीला अडकवून ठेवली. सामन काही मिळाला नाही म्हणे.

२०२१ मध्ये मास्तर गेले. मी तोवर पुण्यात परतलो होतो. त्यांच्या मुलीने मेल केली, डबा तुम्हाला पाठवू का? मी नको म्हणून कळवलं. एक तर कायद्याने आणता येणार नाही. आणि आणता आला असता तरी? मी तिला विचारलं, डब्यात कुठे चिठ्ठी आहे का, गाव, साल, काहीही? तिने सगळं बाहेर काढून पाहिलं. काहीच नव्हतं. तो पक्षी निलगिरीतला असेल, कोयनेच्या खोऱ्यातला असेल, आंबोलीचाही असेल. आता कोणालाच कळणार नाही. डबा तिच्याकडेच आहे.

असो. सध्या माझा पुरवठादार म्हणजे आमच्या गल्लीतला चिकनवाला. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं तो पिशवीत बाजूला काढून ठेवतो आणि माझ्याकडे जरा काळजीने बघतो. घरी आणून ती धुवायची, वाळवायची, झिपलॉकमध्ये घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये, म्हणजे कसर लागत नाही. मटारच्या शेजारी पिसं बघून बायको जे बोलते ते इथे लिहीत नाही. चिलापी मात्र या फ्लायवर तुटून पडतात.

आणि हो, प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी असते. काय, कुठलं, कधी. बायको म्हणते, कोंबडीच्या पिसांना कोणी लेबल लावतं का? मी लावतो.